चौथीतल्या मुलीला बेरीज-गुणाकार येतात, पण मापन आणि आलेख आले की चुकते. घरी सराव कसा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की मुलीची चार अंकी बेरीज-वजाबाकी बिनचूक येते, पाढे पाठ आहेत. पण किलो-ग्रॅम, तास-मिनिटं किंवा आलेखाचं उदाहरण आलं की गाडी अडते. सरावाची दोन पुस्तकं भरूनही फरक नाही. मी नाशिकजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. माझ्याकडे दरवर्षी अशी चार-पाच मुलं असतात. तिसरं पुस्तक आणू नका, एवढं आधी सांगते.

तिची वही काढा आणि चूक नेमकी कुठे होते ते बघा. मागच्या वर्षी मी फळ्यावर उदाहरण दिलं होतं: नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून त्र्यंबकची एसटी 9 वाजून 45 मिनिटांनी सुटली, पोचायला 50 मिनिटं लागली, तर किती वाजता पोचली? वर्गातल्या एका हुशार मुलीनं लिहिलं, 9 वाजून 95 मिनिटं. वर हातचा मांडायची जागाही तिनं नीट सोडली होती, पण हातचा आलाच नाही, कारण 4 आणि 5 नऊच होतात. बेरीज बरोबर, उत्तर चूक. शेजारच्या मुलानं 3 किलो 50 ग्रॅमचे ग्रॅम केले होते 350. या मुलांना आजवर दहाचाच हातचा माहीत असतो. मिनिटं 60 झाली की तास होतो, ग्रॅम 1000 झाले की किलो, सेंटिमीटर 100 झाले की मीटर. प्रत्येक मापाचा हातचा वेगळा, हे पाठ असून चालत नाही, हाताला कळावं लागतं.

म्हणून स्वयंपाकघरात बसवा. तिच्या एका हातात 50 ग्रॅम शेंगदाणे द्या, दुसऱ्या हातात अर्ध्या किलोची पुडी. आधी अंदाज सांगायला लावा, मग काट्यावर ठेवा. अंदाज चुकला तर रागावू नका, तो चुकतो म्हणूनच पुढचा सुधारतो. 50 ग्रॅम किती हलके लागतात हे एकदा कळलं की 3 किलो 50 ग्रॅमला 350 लिहिताना ती स्वतःच थांबेल. बोलताना पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मुद्दाम वापरा. शाळेत आम्ही 2250 ग्रॅम लिहून घेतो, पण ‘सव्वादोन किलो’ ऐकून गोंधळणारी मुलं खूप आहेत, आणि याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या भाषेत अपूर्णांक आयते दिलेले आहेत.

आपल्याकडे तर उदाहरणं रोज पेपरात छापून येतात. लासलगावचा कांद्याचा भाव क्विंटलला असतो, पिंपळगावचा टोमॅटोचा भाव 20 किलोच्या क्रेटला. समजा कांदा 1800 रुपये आणि टोमॅटोचं क्रेट 500 रुपये, तर दोन्हींत किलोला महाग काय? एक भागाकार 100 चा, एक 20 चा. एवढं एक उदाहरण एका दिवसाला पुरे.

पट्टीचं थोडक्यात: बरीच मुलं पट्टीचं टोक लावून मोजतात, शून्याची रेघ नाही. तेवढं तपासा.

आता आलेख. इथे मी मुलांना गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचं उदाहरण सांगते. गोदावरीला पूर आला की सगळं नाशिक विचारतं, पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. नाशिककराला लगेच कळतं. पण मनमाडच्या मामाला फोनवर काय सांगणार? त्याला फूट किंवा मीटरच लागेल. शिवाय घोटा ते गुडघा आणि कंबर ते छाती ही अंतरं सारखी नाहीत. आलेखाच्या उभ्या रेषेवर मात्र प्रत्येक घर सारखंच हवं. तुमची मुलगी कदाचित 4, 12, 26 असे मिळालेले आकडेच एकाखाली एक समान अंतरावर लिहीत असेल. माझ्याकडे ही चूक सगळ्यांत जास्त दिसते. तिच्याकडून आधी रिकामी रेषा काढून घ्या: 0, 5, 10, 15, 20, 25, 30. मग 26 कुठे येईल ते बोटानं दाखवू दे. पंचविसाच्या जरा वर बोट टेकलं की निम्मं काम झालं.

आणि आकडे तिचे स्वतःचे असू देत. पाऊस मोजायला सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली वरून कापा, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. बुडाचा खडबडीत भाग बुडेल इतकं पाणी घालून तिथे शून्याची खूण करा आणि बाजूला पट्टी चिकटवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी किती मिलिमीटर पडला ते लिहायचं आणि पाणी पुन्हा शून्यावर आणायचं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे गच्चीच्या एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हे ऐकलं की मुलं लगेच गच्ची मोजायला पळतात. टेप हाताशी ठेवा. जून लागायच्या आत बाटली तयार ठेवा आणि पहिला आकडा तिलाच लिहू द्या.