शिकवणाऱ्याला शिकायला बसण्याची भीती

‘माझ्यानंतर लागलेले पुढे गेले, पदोन्नतीसाठी लागणारा माझा उजळणी वर्ग अजून राहिला आहे, आणि या वयात पुन्हा विद्यार्थ्यांसारखे बाकावर बसणे मला जमेल का?’ वरिष्ठ महाविद्यालयांत शिकवणारे प्राध्यापक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत, पण वारंवार ऐकू येतो. त्यांपैकी एका प्राध्यापिकेचा अनुभव त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, येथे मांडते आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांची तक्रार झोपेची होती. त्या एका तालुक्याच्या गावातील अनुदानित महाविद्यालयात भूगोल शिकवतात, वय चव्वेचाळीस. पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडते आणि मग डोळ्यांसमोर एकच दृश्य येते, ते म्हणजे स्थाननिश्चितीच्या, म्हणजे पदोन्नतीची प्रकरणे तपासणाऱ्या, शिबिरातून फाईल मंजूर करून घेऊन आलेल्या कनिष्ठ सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये वाटलेले पेढे. त्या सहकाऱ्याबद्दल त्यांच्या मनात राग नव्हता. ‘मी कुठे कमी पडले तेच कळत नाही,’ एवढेच त्या म्हणत राहिल्या.

त्या कुठे थांबल्या होत्या हे कागदावर अगदी स्पष्ट होते. जुलै २०१७ मध्ये त्या शैक्षणिक स्तर ११ मध्ये, म्हणजे सहायक प्राध्यापकाच्या दुसऱ्या वेतनपायरीवर, गेल्या होत्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार महाविद्यालयीन सहायक प्राध्यापकाला स्तर १२ मध्ये जाण्यासाठी पाच वर्षांची सेवा आणि त्या काळात किमान दोन आठवड्यांचे, म्हणजे दहा दिवसांचे, दोन अभ्यासक्रम लागतात; त्यांपैकी एकाऐवजी पाच-पाच दिवसांचे दोन कार्यक्रम चालतात किंवा प्रमाणपत्रासह पूर्ण केलेला ‘मूक’ (MOOC), म्हणजे सर्वांसाठी खुला ऑनलाइन, अभ्यासक्रमही चालतो. बाईंचा एक अभ्यासक्रम २०२१ मध्ये झाला होता, दुसरा झाला नव्हता. दोनेक वर्षांचे जागरण एका न झालेल्या अभ्यासक्रमाभोवती फिरत होते.

तो का झाला नाही, याची दोन कारणे त्यांनी सांगितली: प्राचार्य सोडत नाहीत आणि सासूबाईंचे आजारपण. पहिल्या कारणाची शहानिशा करणे सोपे होते. त्यांनी परवानगी प्रत्येक वेळी तोंडी, व्हरांड्यात, परीक्षेच्या गडबडीत मागितली होती, आणि ‘बघू नंतर’ हे उत्तर त्यांनी नकार म्हणून स्वीकारले होते. याच विनियमांत उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग, परिषदा यांसाठी एका शैक्षणिक वर्षात तीस दिवसांपर्यंत कर्तव्य रजेची तरतूद आहे, हे त्यांना माहीत होते. पण तिचा उल्लेख करून लेखी अर्ज करणे त्यांना उद्धटपणाचे वाटत होते. सज्जन माणसे आपल्या हक्काची गोष्ट मागतानाही याचना करतात आणि मग मिळाली नाही म्हणून स्वतःलाच दोष देतात, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता मी पहिल्याच भेटीत विचारते, ‘अर्ज लेखी दिला होता का?’

दुसऱ्या कारणाला मात्र वेळ लागला. तिसऱ्या भेटीत त्या स्टाफ कॉलेजबद्दल बोलू लागल्या. (विद्यापीठांतील या प्राध्यापक-प्रशिक्षण केंद्रांचे २०१५ मध्ये मानव संसाधन विकास केंद्र आणि २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र असे नामांतर झाले, तरी जुनी मंडळी अजून स्टाफ कॉलेजच म्हणतात.) पुण्यातील विद्यापीठात पूर्वी केलेला तीन आठवड्यांचा वर्ग, वसतिगृहातील मैत्रिणी, रात्री उशिरापर्यंतच्या चर्चा हे सारे त्या आनंदाने सांगत होत्या, आणि सांगता सांगता एकदम थांबल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, ‘मी एक वर्ग अर्धवट सोडला आहे. हे कोणालाच माहीत नाही.’

मे २०२२ मधला तो ऑनलाइन उजळणी वर्ग होता. पाचव्या दिवशी त्यांचे सादरीकरण होते. हाताने काढलेल्या नकाशांवर आयुष्य घालवलेल्या या बाईंना संगणकावर तयार केलेला नकाशा सगळ्यांना दाखवायचा होता. स्क्रीन नीट दिसेना, आवाज तुटू लागला, आणि कोणाचा तरी माइक चालू राहिल्याने हसण्याचा आवाज आला. ते हसणे त्यांच्यासाठी होते की नाही, कोण जाणे. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि दुसऱ्या दिवसापासून त्या जोडल्याच गेल्या नाहीत. सासूबाईंचे आजारपण खरे होते, पण ते त्याच्या आदल्या वर्षीचे. चारचौघांत सांगता येण्यासारखे कारण म्हणून ते त्यांनी पुढे केले आणि काही महिन्यांत त्यांचाही त्यावर विश्वास बसला.

मी त्यांना खोटे बोलल्याचा दोष दिला नाही. पंधरा-वीस वर्षे फळ्यासमोर उभे राहून ‘समजले का?’ असे विचारणाऱ्या माणसाला ‘मला समजले नाही’ हे चारचौघांत म्हणणे किती जड जाते, याची कल्पना प्रशिक्षणाची वेळापत्रके आखणाऱ्यांना क्वचितच असते. याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. ही लाज आहे, आणि लाज उपदेशाने जात नाही. ज्या प्रसंगाची लाज वाटते तो प्रसंग सोसता येईल एवढा लहान करून पुन्हा घ्यावा लागतो.

म्हणून मी त्यांना लगेच नाव नोंदवायला सांगितले नाही. ‘तुमच्या वर्गात सध्या तुम्हाला सर्वांत अवघड काय जाते?’ एवढे विचारले. उत्तर तयार होते: भौगोलिक माहिती प्रणालीची, म्हणजे संगणकावर नकाशे तयार करण्याची, प्रात्यक्षिके. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे, विभागाच्या संगणकावर ते होते, पण मुलेच आपसांत शिकत आणि बाई लांब उभ्या राहत. आम्ही ठरवले की तृतीय वर्षाच्या एकाच विद्यार्थ्याला त्यांनी ते शिकवायला सांगायचे, वीस मिनिटे, दार लावून.

पुढच्या भेटीत त्या जे सांगत होत्या ते ऐकताना मलाही आनंद होत होता. त्या मुलाने स्कॅन केलेल्या स्थलदर्शक नकाशाला अक्षांश-रेखांशांचे बिंदू देऊन दहा मिनिटांत जागेवर बसवले आणि माउस बाईंच्या हाती दिला. त्यांच्या हातून दोनदा चुकले. त्याने दोनदा सांगितले, त्याला त्यात काही विशेष वाटले नाही. मग त्यांनी सहज विचारले, या डोंगरावर रस्ता कोणत्या बाजूने नेशील? मुलगा गप्प. समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, जिथे दाटीने येतात तिथे चढ तीव्र असतो, हे त्याला नकाशा पाहून ओळखता येत नव्हते. पुढची वीस मिनिटे बाईंनी शिकवले.

त्यानंतर दोन विद्यार्थ्यांसमोर, मग एका सहकाऱ्यासमोर, असे टप्पे आम्ही घेतले. देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रम असतात; त्यांपैकी एक त्यांनी केवळ विषयाच्या गरजेपोटी केला. स्थाननिश्चितीसाठी कोणते प्रमाणपत्र चालेल, हे मात्र नाव नोंदवण्याआधीच महाविद्यालयातील गुणवत्ता कक्षाच्या समन्वयकांना विचारून घ्यावे, असा माझा सर्वांनाच आग्रह असतो. प्रमाणपत्रांची जाड फाईल असूनही त्यांतील निम्मी गणनेत न बसलेले प्राध्यापक मी पाहिले आहेत, आणि त्यांची निराशा अधिक खोल असते.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना यातील बरेच लागू पडत नाही. त्यांच्यासाठी दोन आठवडे जाणे म्हणजे तेवढे मानधन बुडणे, आणि पुढे जाण्यासाठी त्यांच्यासमोर स्तरच नाही. त्यांची चिंता समुपदेशनाच्या खोलीत सुटणारी नाही. ती तशी सुटते असे मी त्यांना कधी सांगत नाही.

बाईंनी लेखी अर्ज दिला, रजा मंजूर झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उजळणी वर्ग पूर्ण झाला. सादरीकरणाच्या दिवशी स्क्रीन पुन्हा अडली. ‘एक मिनिट, मला हे नीट येत नाही, कोणी सांगेल का?’ असे त्यांनी विचारले आणि दोघांनी सांगितले.

शेवटच्या भेटीत त्यांनी मधल्या वर्षांचे काय, असे विचारले. पात्रतेच्या अटी उशिरा पूर्ण झाल्या तर पदोन्नती त्या उशिराच्या तारखेपासूनच धरली जाते, म्हणजे जुलै २०२२ पासूनचा वेतनातला फरक त्यांना मिळणार नव्हता. ते नुकसान खरे आहे, असे मी म्हटले. त्यांनी मान हलवली, थोड्या रडल्या, आणि मग पर्समधून पुढच्या प्रात्यक्षिकाचा नकाशा काढून मला समोच्चरेषा दाखवू लागल्या.