१९१४च्या कादंबरीत ‘अणुबॉम्ब’ चालेल का?

प्रश्न असा : एच. जी. वेल्सची १९१४ सालची ‘द वर्ल्ड सेट फ्री’ मराठीत आणताना ‘अणुबॉम्ब’ लिहावं का? हिरोशिमाच्या ३१ वर्षं आधी हा शब्द खटकणार नाही?

बिनदिक्कत लिहा. मूळ इंग्रजीतही ‘अॅटॉमिक बॉम्ब’ असंच आहे आणि शब्दाचं जनकत्व वेल्सकडेच जातं.

जपायचं आहे ते क्रियापदांना. अणुबॉम्ब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लखलखाट आणि क्षणात सगळं खाक, असं चित्र येतं. वेल्सचा बॉम्ब एकदा फुटून संपत नाही, फुटतच राहतो. त्यात ‘कॅरोलिनम’ नावाचं कल्पित मूलद्रव्य आहे, अर्धायुष्य १७ दिवस. म्हणजे १७ दिवसांनी जोर निम्मा, आणखी १७ दिवसांनी पाव. पुरता विझायचं नाव नाही. हे सुचलं सतत ऊर्जा सोडत राहणाऱ्या रेडियमवरून. फ्रेडरिक सॉडी या रसायनशास्त्रज्ञाच्या रेडियमवरच्या पुस्तकालाच वेल्सने ही कादंबरी अर्पण केली आहे. (आणि असला बॉम्ब विमानातून चक्क हाताने खाली टाकतात!) तेव्हा ‘स्फोट झाला’ न लिहिता ‘स्फोट सुरू झाला’ लिहा. ऐकायला विचित्र वाटेल, पण वेल्सची भीती नेमकी तीच आहे : बॉम्ब टाकणाऱ्यालाही तो थांबवता येत नाही.

‘विखंडन’ (अणूचा गाभा दुभंगणं) आणि ‘साखळी प्रक्रिया’ (एका अणूतल्या क्रियेने पुढच्या अणूंत तीच क्रिया घडत जाणं) मात्र टाळा. विखंडनाचा शोध १९३८च्या अखेरचा. साखळी प्रक्रियेची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्डला लंडनमध्ये १९३३ साली सुचली, आणि त्याने वेल्सची हीच कादंबरी १९३२ साली वाचली होती. ‘अण्वस्त्र’ला करार-परिषदांचा वास येतो, तोही नको.

‘परमाणु बम’ हिंदीतला. तिथे ‘परमाणु’ म्हणजे आपला अणू, आणि तिथला ‘अणु’ म्हणजे आपला रेणू. हिंदी अनुवाद शेजारी ठेवून काम करत असाल तर इथे हमखास घोळ होतो.

जोडप्रश्न होता, ‘नर्व्ह्ज’च्या अनुवादात ‘अणुभट्टी’ चालेल का? लेस्टर डेल रे यांची ‘नर्व्ह्ज’ ही अणुकेंद्रातल्या अपघाताची कथा सप्टेंबर १९४२मध्ये छापून आली. शिकागोतल्या पहिल्या अणुभट्टीत पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया झाली २ डिसेंबर १९४२ला. भट्टीच अजून पेटली नव्हती, म्हणून मी तिथे ‘अणुकारखाना’ लिहीन.