रेषीय असमानतांचा रोजच्या खर्चात खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा अकरावीत आहे आणि रेषीय असमानता, म्हणजे बरोबरच्या चिन्हाऐवजी 'पेक्षा जास्त' किंवा 'पेक्षा कमी' असलेली मांडणी, शिकताना 'हे आयुष्यात कुठे लागणार?' असं रोज विचारतो. मला ते पुण्यात मेसला लागलं, आणि तेही पैसे गेल्यावर.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मेसचा महिन्याचा पास ३००० रुपये, सुटं ताट ८० रुपये. महिन्याची ६० जेवणं, त्यातून रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणजे ५६. सुटी ताटं घेतली तर ४४८० रुपये. पास स्वस्त, विषय संपला, म्हणून पैसे भरले. पण शनिवार आला की गावी पळायचं, मध्येच कुणाचा वाढदिवस, प्रॅक्टिकल लांबलं की वडापाव. महिनाअखेर मेसच्या वहीत माझ्या नावापुढे २३ खाडे! जेवलो ३३ ताटं, म्हणजे २६४० रुपयांची. ३६० रुपये असेच गेले.

मग वहीच्या मागच्या पानावर मांडलं. खाडे म धरा. उरलेली ताटं सुटी घेतल्यावर ३००० पेक्षा महाग पडत असतील, तरच पास परवडतो:

८०(५६ − म) > ३०००
४४८० − ८०म > ३०००
−८०म > −१४८०
म < १८.५

ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटतं, हे मी नुसतं पाठ केलं होतं. इथे ते न उलटता वाचून बघा: जितके खाडे जास्त, तितका पास फायद्याचा. मेसवाले काका खूश होतील!

आणि १८.५ चे १९ करायचे नाहीत. १८ खाड्यांना ३८ ताटं, ३०४० रुपये, पास बरा. १९ व्या खाड्याला २९६०, पास अंगावर.

जेवणाचं हेच गणित जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९४५ मध्ये मोठ्या प्रमाणावर मांडलं होतं. ७७ पदार्थ, ९ पोषणघटक, प्रत्येकाला 'किमान इतकं हवंच' अशी अट. १९३९ च्या भावाने एका माणसाचं वर्षाचं जेवण ३९.९३ डॉलरमध्ये बसलं. ताटात गव्हाचं पीठ, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि घेवडा. आमची मेस बरी म्हणायची.

मुलगा घरीच जेवत असेल तर बसच्या पासचं उदाहरण घ्या. पासची रक्कम, सुटं तिकीट आणि कॉलेजच्या दांड्या, मांडणी तीच. फक्त दांड्यांचा खरा आकडा तो तुम्हाला सांगतो का, ते बघा.