खालचे दोन सुळे काढण्याआधी

ताई, आपण अमळनेरहून विचारले आहे की, ७४ वर्षांच्या वडिलांच्या खालच्या जबड्यात दोन घट्ट सुळे आणि काही हलणारे दात उरले आहेत, दवाखान्यात ते सगळे एकदम काढून पूर्ण कवळी बसवायला सांगितले आहे, तर तसे करावे का. माझ्या आईपुढेही हाच प्रश्न होता आणि त्यावर काढलेल्या तोडग्याचे परिणाम ती आजही प्रत्येक जेवणात भोगते आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही, आणि वडिलांचा एक्स-रे न पाहता कोणीही ठाम मत देऊ नये.

आईचेही खालचे दोन्ही सुळे घट्ट होते. ते का काढायचे, असे विचारल्यावर त्या दवाखान्यात, आता वय झाले, दोनच दात ठेवून काय करणार, सगळे काढले की कवळी नीट बसते, एवढेच उत्तर मिळाले. वरच्या जबड्याबाबत हे पुष्कळदा निभावते, कारण वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालच्या कवळीला मात्र टेकायला अरुंद कडा मिळते, मध्ये जीभ सतत हलत असते, आणि दात निघाल्यावर खालच्या जबड्याचे हाड वरच्यापेक्षा कितीतरी अधिक झिजते. आईची कवळी सुरुवातीला कशीबशी टिकली. पुढे हाड झिजले, कवळी सैल झाली, हिरडीला जखमा होऊ लागल्या आणि तिने ती डबीत घालून ठेवली ती कायमचीच. जिने आयुष्यभर कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला, ती आता भाकरी वरणात कुस्करून गिळते, आणि शेंगदाणे, काकडी, कांदा हे तिच्या ताटातून कायमचे गेले आहे. दुसरा मार्ग असूनही तो आम्हाला सांगितला गेला नाही, याचा मला आजही संताप येतो.

सुळ्याचे मूळ लांब आणि मजबूत असते. रूट कॅनॉल करून सुळा हिरडीच्या थोडा वर राहील एवढा कापतात, मूळ हाडातच ठेवतात आणि त्यावर कवळी बसवतात. मूळ आहे तोवर त्याच्या भोवतालचे हाड बरेचसे टिकते. क्रम आणि रूनी या संशोधकांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या पाच वर्षांच्या अभ्यासात असे सुळे राखलेल्या रुग्णांच्या खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातील हाड सरासरी ०.६ मिलिमीटर झिजले, तर सगळे दात काढलेल्यांचे ५.२ मिलिमीटर. रुग्ण थोडे होते हे खरे, तरी हा फरक कुठल्याही दंतवैद्याने रुग्णापुढे ठेवायलाच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थात मुळाभोवती पुरेसे हाड नसेल तर हा उपाय चालत नाही, आणि राखलेली मुळे रोज फ्लोराइडच्या पेस्टने घासली नाहीत तर ती किडतात. वडिलांचा हात थरथरत असेल, तर हे काम घरातल्या कोणीतरी अंगावर घ्यावे लागेल. मिश्री लावण्याची सवय असेल तर ती सोडवावी. कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवावी, गरम पाण्यात नव्हे, कारण तिचा आकार बिघडतो.

दात काढण्याची तारीख ठरवण्याआधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे घेऊन कवळीच्या विषयातील तज्ज्ञाला दाखवावे. धुळ्याच्या दंत महाविद्यालयात यासाठी स्वतंत्र विभाग आहे. सुळे वाचण्यासारखे नसतीलच, तर खालच्या कवळीला आधार म्हणून दोन इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात घट्ट बसवलेले स्क्रूसारखे खुंट, बसवता येतात, आणि २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालचे सर्व दात गेलेल्यांसाठी हाच पहिला पर्याय असावा असे म्हटले होते. खर्च मोठा असतो, म्हणून सुळे आधी वाचवावेत, असा माझा आग्रह आहे.

जाताना सर्व औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी दंतवैद्यांनी बोलून ठरवावे. हाडे ठिसूळ झाल्याबद्दल वडिलांना झोलेड्रॉनिक ॲसिडचे इंजेक्शन किंवा आठवड्याची अलेंड्रोनेटची गोळी दिली गेली असेल, तर ते आवर्जून सांगावे, कारण अशा रुग्णांत दात काढल्यावर क्वचित जबड्याची जखम भरत नाही आणि हाड उघडे पडते.