हाऊसची हौस, आणि वय ४१

प्रश्न: ताई, मी पुण्याचा, गाड्यांच्या कंपनीतून मिशिगनला आलो, नोव्हायला राहतो. ऑफिसमधला एक जण दरवर्षी मे अखेरच्या लाँग वीकेंडला डेट्रॉइटच्या मूव्हमेंट ह्या टेक्नो संगीताच्या फेस्टिवलला जातो, यंदा मलाही ओढतोय. माझा अनुभव म्हणजे २०१६ ला पुण्यात आलेलं सनबर्न, ते पण लांबून. हे तसंच असतं का? आणि ४१ व्या वर्षी मी तिथे काकाच दिसणार ना?

उत्तर: काका दिसाल की, पण तिथे काका-मावश्या ढिगाने असतात हो! टेक्नो, म्हणजे मशीनवर केलेलं नाचायचं संगीत, जन्मलं ते इथलंच, डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिल गावातले हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन हे तीन कृष्णवर्णीय शाळूसोबती, रात्री रेडिओवर इलेक्ट्रिफाइंग मोजो नावाचा डीजे जर्मन बँड क्राफ्टवर्क काय, अमेरिकन फंक बँड फंकाडेलिक काय, एकापाठोपाठ एक लावायचा ते ही पोरं कान लावून ऐकायची आणि ८० च्या दशकात मशीनं घेऊन स्वतःच करायला बसली. ती पोरं आता साठीत आहेत, त्यांच्यावर नाचलेली पब्लिक पण. म्हणजे तुम्ही तिथे मधल्या फळीतले. (हाऊस, म्हणजे टेक्नोचं भावंड, ते मात्र शिकागोचं, डीजे फ्रँकी नकल्स वाजवायचा त्या वेअरहाऊस क्लबवरून नाव पडलं. आपल्याकडे ‘हौस’ असं वाचलं तरी अर्थ फार बिघडत नाही.)

सनबर्नसारखं असतं का, तर नाही. तिथे दर दोन मिनिटांनी आता उड्या मारा असं सांगणारा मोठा आवाज येतो, धूर, कागदाचे कपटे वगैरे. इथे डीजे दीड-दोन तास वाजवतो आणि गाणं संपतच नाही, एकातून दुसरं कधी सुरू झालं कळत नाही. पहिली वीस मिनिटं तुम्हाला वाटेल की हे एकच चाललंय आणि मी इथे का आलो. वाटू दे. ढोलपथकापुढे उभं राहिल्यावर कसं होतं, ढोलाचा ठेका तोच असतो पण वरची ताशाची तर्री बदलली की अंगात फरक पडतो, अगदी तसंच. मग कधीतरी डीजे बेसचा खटका शून्यावर नेतो, खालचा धप्प धप्प गायब, नुसती टिकटिक उरते, सगळ्यांचे खांदे वर येऊन तसेच अडकतात, आणि आठ-सोळा ठोक्यांनी बेस परत येतो तेव्हा शेजारचा अनोळखी माणूस तुमच्याकडे बघून हसतो. मी त्यासाठी जाते, बाकी कोण मोठं नाव आलंय ह्याचं मला फारसं नसतं.

म्हणून माझं एकच सांगणं, स्टेज-स्टेज फिरत बसू नका. नवीन माणूस हमखास हेच करतो, अ‍ॅपवर वेळा बघत प्रत्येक ठिकाणी दहा-दहा मिनिटं, आणि घरी जाऊन म्हणतो की सगळं सारखंच होतं. एक सेट, म्हणजे एका डीजेचं अख्खं वाजवणं, पहिल्यापासून शेवटपर्यंत एका जागी उभं राहून ऐका. जागा मी सांगते, फेस्टिवल भरतो त्या नदीकाठच्या हार्ट प्लाझा चौकाच्या पोटात तळघरात एक स्टेज असतं, त्याचं नावच अंडरग्राउंड, चहूकडे काँक्रीट, अंधार, आणि आवाज आधी पायातून येतो मग कानात. दमलात की वर या, शिल्पकार नोगुचींच्या कारंज्यापाशी, समोर नदी आणि पलीकडे कॅनडा.

बाकी ‘अंडरग्राउंड’ हा शब्द हल्ली मीठ-मिरचीसारखा कुठेही भुरभुरतात. मूव्हमेंट काही लपून-छपून नाहीये, २००० साली डेट्रॉइटच्याच टेक्नोवाल्या कार्ल क्रेगच्या देखरेखीखाली शहराच्या चौकात फुकट सुरू झालेला फेस्टिवल आहे, तिकीट २००५ पासून लागलं. खरं अंडरग्राउंड बघायचं तर रात्री बाराला फेस्टिवल मिटल्यावर शहरभर आफ्टरपार्ट्या असतात, टँजंट गॅलरीतली ‘नो वे बॅक’ नावाची पार्टी तर सकाळपर्यंत. पण पहिल्याच वर्षी एवढं नको, मंगळवारी ऑफिस आहे तुम्हाला.

प्रश्न: ताई, मी अ‍ॅन आर्बरला शिकते, २४ वर्षांची. मागच्या महिन्यात एका गोडाऊन पार्टीला गेले, नंतर दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती. मैत्रिणी म्हणतात होतं असं. खरंच होतं का? आणि मूव्हमेंटला एकटीने गेलं तर चालेल?

उत्तर: होतं, पण व्हायला नको गं. कानाचं गणित सरळ आहे, ८५ डेसिबलला आठ तास चालतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० ला फक्त पंधरा मिनिटं! आणि स्पीकरजवळ १०० सहज होतात. कानात घालायचे फोमचे प्लग स्वस्त असतात पण आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो, म्हणून फिल्टरवाले म्युझिशियन प्लग घे, ठेका स्वच्छ ऐकू येतो. माझ्या चावीच्या जुडग्यालाच डबी लटकलेली असते. शिट्टी परत वाजली आणि थांबली नाही तर कानाच्या डॉक्टरकडे जा, मैत्रिणींना विचारू नकोस.

एकटी जा, मी पण जाते. फक्त परतीची गाडी आधी ठरव, फोन चार्ज ठेव, आणि कोण कुठे आहे हे एका माणसाला माहीत असू दे. जॅकेट ने, दुपारी घामाने भिजशील आणि रात्री नदीवरचा वारा झोंबतो.

प्रश्न: माझा मुलगा तिकडे स्टुडंट व्हिसावर आहे, मित्रांबरोबर ह्या फेस्टिवलला जाणार म्हणतो. तिथे गांजा कायदेशीर आहे असं ऐकलं, जीव थाऱ्यावर नाही. जाऊ देऊ का? (नाशिकहून एक आई)

उत्तर: ताई, जाऊ द्या, पण ही गोष्ट त्याला नीट समजावा. मिशिगनने २०१८ ला मतदान करून गांजा कायदेशीर केला हे खरं, पण तो राज्याचा कायदा, देशाच्या कायद्यात अजून गुन्हाच आहे आणि व्हिसा देशाच्या हातात असतो. त्याच्या अमेरिकन मित्राला जे माफ ते त्याला नाही. रागावून सांगू नका, व्हिसाचं म्हणून सांगा, पोरं व्हिसाला घाबरतात.

दुसरं, तो गाडी चालवणार असेल तर हे पण सांगा. कॅनडाला जाणारा बोगदा हार्ट प्लाझाला अगदी खेटून आहे. पहिल्या वर्षी मी फोनवरच्या बाईच्या भरवशावर, पार्किंग शोधता शोधता, त्या बोगद्याच्या रांगेत जाऊन उभी, पासपोर्ट घरी कपाटात, मागे हॉर्न. तिथल्या माणसाने हात करून बाजूला काढलं म्हणून वाचले. तेव्हा ‘टनेल टू कॅनडा’ अशी पाटी दिसली की आधी लेन सोडायची, पार्किंग नंतर बघू म्हणावं.