थोरलीच्या लग्नातली आहेराची वही

गणपतीचे विसर्जन होऊन चाकरमानी मुंबईला परतले, की माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या प्रश्नांचे स्वरूप दरवर्षी बदलते. सणाच्या निमित्ताने दोन्हीकडची माणसे गावी एकत्र आलेली असतात, त्यात एखाद्या घरी सुपारी फुटलेली असते, आणि पाहुणे गेल्यावर घर रिकामे झाले की मुलीचा बाप कागद-पेन घेऊन खर्चाची बेरीज मांडायला बसतो. ‘ऐपतीत लग्न करायचे आहे, पण ऐपतीत केले तर चारचौघांत मान खाली जाईल, मग करायचे काय?’ हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एका कुटुंबाच्या अनुभवातून सांगणे मला अधिक बरे वाटते. त्या कुटुंबाच्या परवानगीने आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून हे लिहीत आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये राजापूर तालुक्यातील एका आंबा बागायतदाराची पत्नी आणि धाकटी मुलगी माझ्याकडे आल्या. मुलगी रत्नागिरीत एका खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती आणि तिला महिना एकवीस हजार रुपये पगार होता. तिचे लग्न ठरले होते, मुलगा तिने स्वतः पसंत केला होता आणि सासरची माणसे समंजस होती. तरीही घरात कोणी धड जेवत नव्हते. वडील रात्री दोन-अडीच वाजता उठून पडवीत बसत, स्वतःशीच आकडे पुटपुटत आणि पहाटे पत्नीला उठवून ‘मंडपाचे धरले नव्हते’ असे काहीतरी सांगत. पुढच्या भेटीला ते स्वतः आले, तेव्हा त्यांच्या खिशात चार घड्या घातलेला एक कागद होता.

त्या कागदावर सुमारे अकरा लाखांची बेरीज होती. राजापुरात कार्यालय, सातशे माणसांचे जेवण, पाच तोळे सोने, बस्ता, मानपान, छायाचित्रण आणि मुंबईतील स्वागत समारंभातील निम्मा वाटा, असे सगळे त्यात होते. हाताशी मात्र त्यांची तीन लाख चाळीस हजारांची ठेव आणि मुलीने साठवलेले एक लाख वीस हजार एवढेच होते. उरलेल्यापैकी दोन लाख वाशीच्या दलालाकडून पुढच्या हंगामातील आंब्यावर उचल म्हणून घ्यायचे आणि साडेचार लाखांचे कर्ज काढायचे, असा त्यांचा बेत होता. उचल घेतली की आंबा त्याच पेढीवर घालावा लागतो, भाव दुसरीकडे चढा असला तरी पेटी तिकडे वळवता येत नाही, आणि मोहोर गळला तर उचल पुढच्या वर्षाच्या अंगावर येते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. कर्जाची गोष्ट त्याहून अवघड होती. बँक बागेच्या भरवशावर असे कर्ज द्यायला उत्सुक नव्हती, म्हणून ते मुलीच्या पगारावर तिच्या नावाने काढायचे ठरले होते.

इथे माझी एक चूक झाली आणि ती सांगायला हवी. मी लगेच गणकयंत्र काढून चौदा टक्के व्याजाने पाच वर्षांचा हिशेब मांडला: महिन्याचा हप्ता सुमारे १०,४७० रुपये, आणि पाच वर्षांत निव्वळ व्याजापोटी सुमारे एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार. म्हणजे ही मुलगी लग्नानंतर पाच वर्षे स्वतःच्या लग्नाच्या मांडवासाठी निम्मा पगार भरणार होती, आणि होणाऱ्या नवऱ्याला याची कल्पनाही नव्हती. हिशेब बिनचूक होता. वडिलांनी तो शांतपणे ऐकला, कागदाची पुन्हा घडी घातली, ‘बरं आहे मॅडम’ असे म्हणून ते निघून गेले आणि पुढचे तीन आठवडे आलेच नाहीत. ज्याची झोप आकड्यांनीच उडवली आहे त्याच्यापुढे मी आणखी चार आकडे टाकले होते.

ते परत आले ते पत्नीच्या आग्रहामुळे. या वेळी मी कागदाला हात लावला नाही. ‘यातले काय काय मुलाकडच्यांनी मागितले आहे?’ एवढेच विचारले. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ पासून अस्तित्वात आहे आणि त्यात हुंडा घेणाऱ्याइतकाच देणाराही दोषी ठरतो, हे प्रत्येक कुटुंबाला मी सुरुवातीलाच सांगते. कारण मागणी असेल तर प्रश्न खर्चाचा राहतच नाही, तो त्या स्थळाचा होतो. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिले आणि उत्तर दिले की कोणीच काही मागितलेले नाही. मुंबईचा समारंभ मुलाकडचे त्यांच्या हौसेने करणार होते. त्यातला निम्मा वाटा यांनीच ‘आपल्याला शोभत नाही’ म्हणून स्वतःच्या माथी घेतला होता.

मग पाच तोळे कोणासाठी, असे विचारल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. थोरल्या मुलीचे लग्न २०१८ साली झाले होते आणि तिला पाच तोळे घातले होते. त्या वेळी दहा ग्रॅमचा भाव एकतीस हजारांच्या आसपास होता, म्हणजे ते सोने दीड लाखाच्या घरात बसले होते. आता तोच भाव पंचाहत्तर हजारांच्या आसपास गेला होता. ‘थोरलीला पाच आणि धाकटीला दोन घातले तर उद्या धाकटी काय समजेल?’ असे ते म्हणाले. मी त्यांना विचारले की तुम्हाला दोघींना सारखे वजन द्यायचे आहे, की तुमच्याकडे त्या त्या वेळी असलेल्यातला सारखा वाटा द्यायचा आहे? त्यांनी उत्तर दिले नाही. म्हणून मी पुढच्या भेटीला दोन्ही मुलींना घेऊन यायला सांगितले, आणि थोरलीच्या लग्नातली आहेराची वही सापडली तर तीही आणायला सांगितली.

आहेराची वही हे आपल्याकडचे फार उपयोगी कागदपत्र आहे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. पाहुण्यांची नवी यादी माणूस आठवणीतून, भिडेतून आणि थोडी धास्तीतून लिहितो. वही मात्र त्या दिवशी खरोखर कोण आले होते ते सांगते. आम्ही चौघे-पाच जण ती वही पानापानाने वाचत बसलो. सातशे माणसांच्या नव्या यादीत वाडीतील बासष्ट घरे चूलबंद, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या, आमंत्रणासाठी धरली होती. वाचताना आई प्रत्येक नावापुढे हळू आवाजात माहिती देत होती: हे गेले, हे आता डोंबिवलीला मुलाकडे असतात, ह्यांचे घर करोनाच्या वर्षापासून बंद आहे, ह्यांच्याकडे फक्त म्हातारी आहे आणि तिला उठवत नाही. बासष्टपैकी तेवीस घरांना वर्षातले बहुतेक महिने कुलूप असते, हे त्या घरातील प्रत्येकाला माहीत होते. पण ते एकत्र मोजले कोणी नव्हते. वही मिटल्यावर वडील खूप वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यांच्या बहिणीच्या लग्नात अंगणात तीन पंगती उठल्या होत्या आणि वाढायला माणूस कमी पडला नव्हता, असे सांगून ते म्हणाले, ‘मग आता मांडवात असणार कोण?’

माझ्या मते त्यांच्या अकरा लाखांचे उत्तर या वाक्यात होते. त्यांची भीती ‘लोक काय म्हणतील’ ही नव्हती. लोकच नसतील तर काय, ही होती. वाडी रिकामी होत चालल्याचे दुःख ते कार्यालय, मोठी यादी आणि कॅमेऱ्याच्या झगमगाटाने झाकू पाहत होते. अशा दुःखावर काटकसरीचा सल्ला चालत नाही. त्या दिवशी आम्ही पैशांविषयी पुढे काहीच बोललो नाही.

सोन्याचा प्रश्न मात्र थोरलीने तिथेच निकालात काढला. ‘बाबा, माझे पाच तोळे आहेत कुठे? घराच्या कामासाठी दोन वर्षं बँकेत तारण ठेवलेत,’ असे ती सरळ म्हणाली आणि धाकटीला हसू आवरेना. आई-वडिलांना हे ठाऊक नव्हते. शेवटी आईच्या दोन तोळ्यांच्या पाटल्या मोडून घट आणि मजुरी सोसण्याऐवजी त्या होत्या तशाच धाकटीला द्यायच्या आणि दीड तोळ्याचा नवा दागिना करायचा असे ठरले. तो मजुरी आणि करासह सव्वा लाखाच्या आत बसला. पाटल्यांचा निर्णय आईने घेतला होता आणि तो घेताना तिचे डोळे भरले होते, हेही नोंदवते. बचतीच्या प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी काहीतरी सोडलेले असते.

पुढच्या भेटीत आम्ही अंदाजपत्रक मांडले, ते मात्र उलट्या बाजूने. खर्चाच्या यादीपासून सुरुवात न करता हाताशी असलेल्या चार लाख साठ हजारांतून आधी बागेच्या फवारणीचे आणि राखणीचे सत्तर हजार बाजूला काढले. नोव्हेंबर ते जानेवारी या मोहोराच्या दिवसांत फवारणी चुकवून त्या पैशांत लग्न करणे म्हणजे पुढचे वर्ष विकून खाणे आहे, आणि बागायतदाराच्या घरात हा हिशेब सर्वांत आधी व्हायला हवा. उरले तीन लाख नव्वद हजार. लग्न त्यातच करायचे, आणि मुलीने कर्जाचा विचार चालू होता ही गोष्ट होणाऱ्या नवऱ्याला आपण होऊन सांगायची, असे ठरले. तिने ती सांगितली. त्याच संध्याकाळी मुलाच्या वडिलांनी फोन करून मुंबईच्या समारंभाचा वाटा घ्यायला नकार दिला. असे नेहमीच घडते असे नाही, आणि घडले नसते तरी तिने सांगणे आवश्यकच होते.

तारखेवर मात्र वाद झाला. वडिलांना मे महिन्याचा शेवटचा आठवडा हवा होता, कारण तेव्हा मुंबईची माणसे सुट्टीसाठी गावीच असतात. पण मे म्हणजे आंब्याची धावपळ. गडी मिळत नाहीत, गाड्या मिळत नाहीत, आणि हंगामाची पट्टी, म्हणजे विकलेल्या आंब्याचे पैसे, पूर्ण हाती आलेली नसते. फेब्रुवारीत मोहोर दिसलेला असतो, काढणी सुरू व्हायची असते आणि अंगणात मांडव घालता येतो. मात्र मुलांच्या परीक्षांमुळे मुंबईकर कमी येतात. त्यातच १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेच्या आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवस झाल्यामुळे नातेवाइकांना तिकिटाची तारीख नव्याने कळवावी लागणार होती. काकांनी ती जबाबदारी घेतली आणि डिसेंबरात सगळ्यांना फोन केले. तारीख फेब्रुवारीची ठरली. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच कोकणात दाखल झाला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत पोहोचला, तेव्हा त्यांनी मला फोन करून फक्त ‘मॅडम, पाऊस’ एवढेच म्हटले होते.

जेवणाच्या बाबतीत कार्यालयाची दोनशे ऐंशी रुपयांची थाळी सोडून आचारी बोलावला आणि शिधा स्वतः भरला. टोप, कढया आणि ताटे वाडीच्या मंडळाकडची होती. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, वरण-भात, बटाट्याची भाजी, जिलेबी आणि सोलकढी असा बेत झाला आणि माणशी साधारण एकशे ऐंशी रुपये पडले. माणसे तीनशे वीस झाली. पत्रिका, वाहने, भटजी यांवर सांगण्यासारखे काही नाही. ते नेहमीसारखेच झाले. एका बाबीवर मात्र मी हरले. खालूबाजाचे सोळा हजार वगळता येतील असे मी सुचवले होते, आणि वडिलांनी त्यावर बोलायलाही नकार दिला. मुलगी मांडवात येताना वाजंत्री ऐकू आली नाही तर खालच्या वाडीला लग्न लागले हे कळणार कसे, असे त्यांचे म्हणणे होते. लग्नानंतर मी चित्रफीत पाहिली. मांडवाच्या कडेला उभी असलेली बरीच माणसे खालच्या वाडीची होती आणि त्यांतल्या अनेकांची नावे कोणत्याच यादीत नव्हती.

एकूण खर्च तीन लाख अठ्ठ्याहत्तर हजार झाला. सगळे गोड झाले असे मात्र नाही. यादी आखडताना भावकीतील मुंबईच्या तीन घरांना फक्त मुंबईच्या समारंभाचे आमंत्रण गेले होते आणि ती घरे दुखावली. दोन घरांची समजूत काकांनी घातली, तिसरे अजून बोलत नाही. हा परिणाम आधी ओळखून आम्ही त्या तिघांना निदान फोनवरून कारण सांगायला हवे होते, असे मला आज वाटते. जुलैत वडील मला भेटून गेले. गणपतीला ते कुटुंब गावी येईल तेव्हा स्वतः त्यांच्या घरी जायचे त्यांनी ठरवले आहे. नारळ घेऊन जावे की रिकाम्या हाताने जाऊन नुसते पडवीत बसावे, एवढेच त्यांना विचारायचे होते.