आजोबांची सैन्यातली नोंद शोधताय? मूळ कागद हातचा सोडू नका

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि पोटात कालवलं. आजोबा मुंबईच्या स्टुडिओत कॅमेरा असिस्टंट, 1943 मध्ये तिथूनच सैन्याच्या फिल्म युनिटात भरती, आणि आता तुम्ही आर्वीजवळच्या खेड्यातून खेटे घालताय, तर उत्तर मिळतं, "शूटिंगवाल्यांची नोंद आमच्याकडं नसते." हेच वाक्य मीही ऐकलंय. माझे आबा लॅबमध्ये फिल्म धुवायचे. युद्धात कच्च्या फिल्मवर सरकारचं नियंत्रण आलं, चित्रपटाची लांबी 11,000 फुटांवर बांधली गेली, स्टुडिओतलं काम आटलं. आबा सैन्यात गेले.

अर्ज-बिर्ज तुम्हाला ठाऊकच असेल, म्हणून थेट माझ्या चुकीवर येतो. आबांचं मूळ डिस्चार्ज सर्टिफिकेट, म्हणजे सैन्यातून सुटल्याचा दाखला, मी एका कार्यालयात बाबूच्या हातात दिलं. नाव घेत नाही. "साहेब बघतील, सोमवारी या." पोच घेतली नाही. झेरॉक्सही काढली नव्हती, कारण गावात लाइन नव्हती आणि शेवटची एसटी चुकेल ही घाई. सोमवारी गेलो तर बाबूची बदली झालेली. आवक नोंदवहीत माझं नाव नाही, म्हणून कागद आलाच नाही म्हणे! ऐन कापूस वेचणीत अकरा चकरा मारल्या, मजुरांना वाऱ्यावर सोडून. खुर्चीवरून उठून एकानेही कपाट उघडून पाहिलं नाही. त्या कागदासोबत आबांचा सैनिक क्रमांक गेला, आणि क्रमांक नसेल तर पुढं कोणी दारात उभं करत नाही.

क्रमांक शेवटी घरातच सापडला. आजीच्या पत्र्याच्या पेटीत, नऊवारीच्या घडीत, मनीऑर्डरची कुपनं होती. जांभळी शाई फिकटलेली. पाठवणाऱ्याच्या जागी क्रमांक, हुद्दा, आणि गावाऐवजी फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे तुकड्यांबरोबरच्या सैनिकी टपाल कार्यालयाचा, आकडा. शेवटचे दोन अंक पाण्यानं पसरलेले; तीन कुपनं शेजारी ठेवून जुळवले. तुमच्याकडंही पेट्या, पोथ्या, देवघरामागची फडताळं आधी धुंडाळा. फील्ड पोस्ट ऑफिसचा आकडा मिळाला तर सोन्याहून पिवळं. जुन्या टपालाचे संग्राहक कोणतं पोस्ट कधी कुठं होतं याच्या याद्या ठेवतात.

दुसरं, आजोबा नक्की कुठं होते ते ठरवा. सैन्याच्या जनसंपर्क संचालनालयाचं काम वेगळं, आणि 1943 ते 1946 चाललेली, सरकारचे माहितीपट काढणारी इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया वेगळी. ती नागरी संस्था. तिथल्या माणसाला सैनिक क्रमांक कुठून असणार? मग सैनिक कार्यालयात वर्षं घालवू नका, राष्ट्रीय अभिलेखागाराकडं वळा.

तिसरं, माहितीच्या अधिकारात "सर्व कागद द्या" असं लिहू नका. पेन्शन नसलेल्यांची सेवापुस्तकं साधारण 25 वर्षांनी नष्ट करतात, त्यामुळं "उपलब्ध नाही" एवढंच उत्तर येतं. लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्या सगळ्यांच्या नावांची नोंदवही, मात्र ठेवतात. त्यातला उतारा मागा. मला तिथूनच एक ओळ मिळाली, आणि तीसुद्धा आडनावाच्या जागी गावाचं नाव लावलेली! तेव्हा नावाच्या सगळ्या तऱ्हा अर्जात लिहा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम 6(3) प्रमाणे त्यांनीच पाच दिवसांत पुढं पाठवायचा असतो. फी दहा रुपये. मी वकील नाही, नियम बदललेत का ते एकदा विचारून घ्या.

आणि "शूटिंगवाले म्हणजे सैनिक नव्हेत" हे कोणाचंही ऐकून घेऊ नका. ब्रिटिशांनी 1941 मध्ये आर्मी फिल्म अँड फोटोग्राफिक युनिट काढलं, त्यांची माणसं पाइनवुड स्टुडिओत तयार झाली. अमेरिकेच्या हवाई दलानं 1942 मध्ये फर्स्ट मोशन पिक्चर युनिट अख्खं सिनेमातल्या लोकांचं उभं केलं. ही माणसं वर्दीतच होती. शंभर फुटांची रीळ जेमतेम मिनिटभर चालायची, तेवढ्यासाठी गोळीबारात उभं राहायचं.

लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये चित्रणाबरोबरचे डोप शीट, म्हणजे काय चित्रित केलं ते लिहिलेले कागद, जपलेत, त्यावर कॅमेरामनचं नाव असतं. तुमचे आजोबा कॅमेऱ्यामागं होते, म्हणून तिथं जरूर ईमेल करा. फिल्म धुणाऱ्यांची नावं त्या कागदांवर मला कुठंच दिसली नाहीत, आणि ते मला आजही लागतं.

कुपन सापडलं तर फील्ड पोस्टचा आकडा इथं टाका. सैनिक क्रमांक मात्र टाकू नका. माझ्याकडच्या यादीत बघून सांगतो.